अंगणातले धोंडे

लग्न होऊन मी देवळालीला आले तेव्हा घर होतं, दार होतं, पण अंगण म्हणावं असं काही नव्हतं. होता तो नुसता उतार. दारात उभं राहून लिंबू खाली ठेवलं तर ते शेजारणीच्या चुलीपर्यंत गेलं असतं.

घर तिथे बांधण्याचं कारण माझे सासरे. त्यांना दमा होता. नाशकात नदीकाठच्या ओलसर गल्लीत राहून तो वाढला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कोरड्या हवेत जा. देवळालीच्या हवेचं तेव्हा फार नाव होतं. छातीच्या विकाराचे लोक लांबून लांबून येऊन राहत. सासऱ्यांनी लष्करी कॅम्पाच्या बाजारापलीकडे, एका बोडक्या टेकडीच्या अंगावर जागा घेतली आणि तीन खोल्या बांधल्या. जागा निवडली ती हिवाळ्यात. हिवाळ्यात त्या टेकडीसारखी शहाणी टेकडी दुसरी नसेल. पाणी कुठून येईल हे कोणी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. आठ महिने तिथे घाणेरी, निवडुंग आणि एखादी खुरटी बोर यांच्यापलीकडे हिरवं म्हणून दिसायचं नाही. वारा सुटला की भाकरीवर मुरमाची भुकटी बसे. पाऊस घाटमाथ्यापेक्षा खूप कमी. पण पडायचा तेव्हा टेकडीवर त्याला अडवायला ना झाड होतं, ना गवत. सगळं पाणी एका ओघळीत गोळा व्हायचं आणि ती ओघळ सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी वळून खाली जायची.

हे मला कळायला एक पावसाळा लागला. मी आले होते बागेची हौस घेऊन. उतारावर आमच्या खाली असलेल्या घरात एक मुसलमान जोडपं राहत होतं. नवऱ्याची बैलगाडी होती. स्टेशनावरून कॅम्पातल्या दुकानांना माल पोचवायचं त्याचं काम. सगळे त्याला चाचा म्हणत, आणि त्याच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले. चाचाच्या गाडीतून मी दारणा नदीच्या काठची काळी माती आणवली, दाराच्या बाजूला वाफे केले, मेथी पेरली, वांग्यांची रोपं लावली. सासरे आरामखुर्चीत बसून बघत. ते निवृत्त शिक्षक, जन्मभर भूमिती शिकवलेले. म्हणाले, "सूनबाई, वाफे समांतर नाहीत."

मी ते समांतर करून घेतले. आषाढात एका दुपारी तास-दीड तास पाऊस झाला. थांबल्यावर मी दार उघडलं तर वाफे समांतरही नव्हते आणि तिरपेही नव्हते. वाफेच नव्हते. खालून खालाची हाक आली.

"अगं ए मास्तरांच्या सूनबाई! तुझी मेथी आलीय इकडं. मातीसकट आलीय. घेऊन जातेस का राहू देऊ?"

मी कुंपणाशी गेले. तिच्या अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात माझी सगळी काळी माती चिखल होऊन पसरली होती आणि त्यात वांग्याची दोन-तीन रोपं आडवी पडली होती. मला रडू यायला लागलं. खालाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रडतेस काय? वांगी इथं लावते. खाशील तूच."

तिने ती खरंच लावली. भाद्रपदात तिच्याकडून टोपलीभर वांगी आली, काटेरी, चमकदार. सासऱ्यांनी भरल्या वांग्यांचा घास घेऊन सांगितलं, "म्हणजे माती आपली, रोपं आपली, फक्त पत्ता त्यांचा." आणि दुसरं वांगं मागितलं.

पुढचं वर्ष आम्ही उपाय करण्यात घालवलं. ओघळीवर मातीचा बांध घातला, तो दोन सरींत विरघळला. बोरीच्या फांद्या आडव्या टाकल्या, त्या पाण्यावर तरंगून गेल्या. मग मी टेकडीवरून डोक्याएवढे दगड वेचून आणून ओघळीत रचले. पाण्याने ते मुली गजगे खेळतात तसे खेळत नेले आणि खालाच्या कोंबड्यांच्या खुराड्यापुढे ढीग करून ठेवले. खालाने त्या दगडांचा ओटा केला आणि मला खालून ओरडून सांगितलं, "अजून पाठव, एक बाजू कमी पडतेय!"

तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं की आता हा विषय बायकांच्या हातात ठेवून चालणार नाही. त्यांनी गवंडी बोलावला आणि उतारावर आडवी, चुन्यात बांधलेली भिंत घातली. छातीएवढी उंच. दोरी लावून, ओळंबा धरून, इकडून तिकडे एकदम सरळ. भिंतीचं एक टोक त्यांनी एका मोठ्या काळ्या धोंड्याला नेऊन टेकवलं. तो धोंडा बसलेल्या म्हशीएवढा होता आणि टेकडीच्या अंगात अर्धा रुतलेला होता. सासरे म्हणाले, "हा आपला आधार. हा काही हलत नाही."

श्रावणात झड लागली. भिंतीमागे पाणी साठलं. पहिल्या दिवशी सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. "सूनबाई, आपल्या दारात तळं झालं बघा. बदकं पाळा." दुसऱ्या दिवशी तळं भिंतीच्या काठाला लागलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. बाहेर काहीतरी धडाडलं. कॅम्पातल्या तोफांचा आवाज आम्हाला रोजचा, म्हणून सासरे म्हणाले, "आज पावसातही सराव चाललाय." तेवढ्यात खालाची किंकाळी ऐकू आली.

मी ताटावरून उठून धावले. भिंत मधोमध फुगून फुटली होती. तळं एकदम सुटलं होतं, त्याने टोकाच्या धोंड्याखालचा मुरूम खाल्ला होता आणि जो हलत नाही तो हलला होता. कुंपण मोडून, खुराडं चिरडून, वांग्यांचा वाफा खरडून तो खालाच्या अंगणाच्या मधोमध जाऊन बसला होता. कोंबड्या छपरावर चढून ओरडत होत्या. खाला दारात उभी होती, तिला काही झालं नव्हतं.

"माती पाठवली, मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "मेथी पाठवली, दगड पाठवले, तरी नाही बोलले. आता डोंगर पाठवता?"

तिने दार लावून घेतलं. मला तिची समजूत घालायची होती, पण कडी वाजवूनही दार उघडलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही लावून घेतलं असतं. मी भिजत भिजत घरी आले.

संध्याकाळी माझे यजमान नाशकातल्या नोकरीवरून पॅसेंजरने आले. त्यांनी फुटकी भिंत पाहिली, धोंडा पाहिला, मग स्वयंपाकघराचा कोपरा पाहिला. जोत्याखालची जमीन पाण्याने पोखरली होती. त्यांनी वाकून हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. ते उठून हात पुसत राहिले.

"अजून एक पावसाळा," ते वडिलांकडे वळून म्हणाले, "की चुलीसकट स्वयंपाकघर खाली जाईल. दादा, मी नाशकात खोली बघतो."

सासऱ्यांनी खिडकीशी ओढलेली खुर्ची मागे घेतली. मग म्हणाले, "बघ. तिथे मी धापा टाकीन. पण घर घेऊन कुणाच्या अंगावर जाण्यापेक्षा ते बरं."

मला कोणी काही विचारलं नाही, तशी तेव्हा पद्धतच नव्हती. पण मला तिथून जायचं नव्हतं. नाशकातल्या गल्ल्यांत समोरच्या खिडकीतून एकमेकांच्या पातेल्यात काय शिजतंय ते दिसे. इथे मी पदर खोचून टिकाव हातात घेत असे आणि बघायला फक्त टेकडी असे. त्या रात्री ताटं घासताना भांडी जरा जोरात आपटली.

चाचाने धोंडा काढायचा प्रयत्न केला. दोर बांधून बैल जुंपले. बैलांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा मान वळवून चाचाकडे पाहिलं. चाचा सासऱ्यांना म्हणाला, "मास्तरसाब, हा आता आमचाच. जेवायला वाढू त्याला." आणि हसला. त्याच्या त्या हसण्यानेच सासऱ्यांच्या जिवात जीव आला. खुराडं आम्ही नवीन करून दिलं. खाला मात्र बोलत नव्हती.

ती बोलली ती पंधरवड्यानंतर. सकाळी कुंपणाशी येऊन उभी राहिली, हात कमरेवर.

"ये गं खाली. बघ हे."

मी गेले. धोंडा ओघळीच्या वाटेतच बसला होता. त्याच्या वरच्या अंगाला माती साठली होती, सारवलेल्या जमिनीसारखी सपाट. त्यात बारीक गवत उगवलं होतं. कुणी पेरलं नव्हतं, कुणी वाफा केला नव्हता.

"काल पाऊस झाला ना," खाला म्हणाली, "मी इथंच उभी होते. पाणी वरून पिसाळून आलं. याला लागलं आणि गरीब झालं. दोन बाजूंनी हळू हळू उतरलं. माझ्या उंबऱ्याशी एक थेंब गढूळ नाही."

दुपारी परत पाऊस आला. आम्ही दोघी गोणपाटाच्या खोळी डोक्यावर घेऊन तिथे उभ्या राहिलो आणि तमाशा बघावा तसं ते पाणी बघत राहिलो. ती म्हणाली तसंच होत होतं. मी वर पळत गेले आणि सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, छत्री घ्या, काठी घ्या आणि खाली चला."

"पावसात? मला?"

"चला तर."

ते आले. छत्रीखाली वाकून त्यांनी धोंड्याभोवती एक फेरी घातली, काठीने साठलेली माती टोचून पाहिली. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुका शोधलेले डोळे. शेवटी म्हणाले, "आपण पाण्याला थांब म्हणत होतो. ते थांबणार कसं? हा त्याला नुसतं हळू चल म्हणतोय."

खाला म्हणाली, "मग मास्तरसाब, याला भाऊबंद आणा. वरपासून खालपर्यंत."

यजमानांना हे पटलं नाही. त्यांनी नाशकात एक खोली बघून ठेवली होती. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांनी आम्हाला मुभा दिली. "मोठ्या धोंड्याने कुंपण मोडलं म्हणून आणखी मोठे धोंडे आणायचे," ते म्हणाले, "असं औषध मी ऐकलं नव्हतं." त्यांची कुरकूर एवढीच. दिवाळीनंतर काम सुरू झालं तेव्हा रविवारी पहारीला तेही लागले.

टेकडीवर काळ्या दगडाला तोटा नव्हता. पण हवे होते ते जड, कंगोऱ्यांचे, एकमेकांत अडकून बसतील असे. गोल गोटा कितीही मोठा असला तरी तो विश्वासाचा नाही, हे आम्ही महिनाभरात शिकलो. चाचाने बाभळीच्या दोन फाटे फुटलेल्या दुबेळक्या खोडाची घसरगाडी केली. धोंडा पहारीने उचकटायचा, खोडावर लोटायचा, दोराने आवळायचा आणि बैलांनी ओढायचा. मदतीला सुट्टीच्या दिवशी स्टेशनावरचे दोन हमाल येत. चढावर बैल ओढत आणि उतारावर आम्ही सगळे मिळून धोंडा मागे ओढत असू, म्हणजे तो बैलांच्या पुढे जाऊ नये. एकदा एक सुटलाच. बैलांनी बाजूला उडी मारली, चाचाने मराठी, हिंदी आणि तिसऱ्या कुठल्यातरी भाषेत त्याला शिव्या दिल्या, आणि धोंडा निवडुंगात जाऊन बसला. तो तिथून काढताना आमच्या हातापायांत जे काटे गेले ते संक्रांतीपर्यंत निघत होते.

पहिली रांग आम्ही जमिनीवर नुसती मांडली. सासऱ्यांनी लगेच परीक्षा घ्यायचं ठरवलं. मला वरून हंड्याने पाणी ओतायला लावलं. मी ओतत होते, ते वाकून बघत होते. चौथ्या-पाचव्या हंड्याला पाणी धोंड्यांच्या खालून निघालं, मुरूम घेऊन निघालं, आणि मधला धोंडा पुढे कलला.

"खालून गळतंय," सासरे म्हणाले. "वर कितीही जड ठेवा, खालची जमीन गेली की संपलं."

"मग खाली अंथरूण घाला ना," खाला म्हणाली. "चुलीखाली नाही आपण खापऱ्या घालत?"

म्हणून रांग उपसली, चर खणला, चरात आधी वाळू आणि बारीक खडी, त्यावर मुठीएवढ्या दगडांच्या चिपा, आणि त्यावर धोंडे बसवले. प्रत्येक धोंडा तिसऱ्या हिश्शाएवढा जमिनीत. फटींत पाचरी ठोकल्या. परत हंडे ओतले. आता पाणी निघालं, पण स्वच्छ निघालं. मी हंडा टाकून टाळी वाजवली. घरातल्या सुनेने अशी टाळी वाजवायची नसते, पण सासऱ्यांनीही काठी काखेत धरून वाजवली.

मग वाद झाला तो आकाराचा. सासऱ्यांना रांग सरळ हवी होती. चाचा म्हणाला, सरळ ठेवली तर पाणी कडेला जाईल आणि कड खाईल. मध्ये खोल ठेवा, टोकं उंच ठेवा. सासऱ्यांना हे पटलं, पण वाकडी ओळ घालायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. रात्रभर विचार करून सकाळी ते खडू घेऊन आले. "सरळ नाही तर नाही. पण वाकडंही नको. कंस काढू. फुगवटा टेकडीच्या बाजूला, आडव्या कमानीसारखा." खुंटी ठोकली, दोरी बांधली, मुरमावर खडू उमटेना म्हणून दोरीच्या टोकाला काठी, आणि टेकडीवर त्यांनी वर्तुळाचा एक देखणा तुकडा काढला. चाचा खूश झाला. त्याच्या मते कमान ही फार भरवशाची चीज होती. वरपासून खालपर्यंत अशा कमानी घातल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, आणि मधोमध प्रत्येकीत पाणी उतरायला खोलगट वाट, म्हणजे सांडवा. स्वयंपाकघराच्या पोखरलेल्या कोपऱ्यात चिपा ठासल्या आणि त्यापुढे दोन जबर धोंडे उभे केले.

वरच्या रस्त्यावरून कॅम्पात जाणाऱ्या बायका थांबून बघत. एकदा एकीने सासऱ्यांना विचारलंच, "सुनेच्या हातात पहार दिलीत?" सासरे म्हणाले, "दिली. पहारीखाली तिचं टेकण बरोबर लागतं. माझं चुकतं." मी मान खाली घालून पहार लावली. त्या दिवशी तो धोंडा कापसाच्या गाठोड्यासारखा उचलला गेला.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगते. आमच्या घरी खालाकडची भाजी चालत असे, पण पाणी चालत नसे. तेव्हाचे नियम ते. एके दिवशी उन्हात काम चाललं होतं आणि सासऱ्यांची छाती भरून आली. खाला आत गेली आणि आल्याचा, गवती चहाचा वाफाळता पेला घेऊन आली. तिने तो पुढे केला आणि मग तिलाच आठवलं, ती अर्ध्या वाटेत थांबली. सगळेच थांबलो. सासऱ्यांनी हात पुढे करून पेला घेतला. दोन घोट घेतले, श्वास मोकळा झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उकळलेल्याला नियम नाही." त्यानंतर ते रोज चारच्या सुमाराला खोकत असत. खाला तो आवाज ऐकून आधण ठेवी.

पावसाळा आला. सुरुवातीच्या सरी साध्याच होत्या, कमानींनी त्या सहज पचवल्या. मग आषाढात एक दिवस सकाळपासून आभाळ काळं झालं. यजमान नाशकात, चाचा गाडी घेऊन स्टेशनावर. दहाच्या सुमाराला सुरू झाला तो असा की समोरची टेकडी दिसेना. मी खोळ घेऊन बाहेर पडले. सासरे मागोमाग.

"तुम्ही आत बसा, मामंजी."

"परीक्षा चालू असताना मी कधी आत बसलोय?"

वरच्या कमानीवर पाणी आलं. चिपांमधून गाळ मागे ठेवत, सांडव्यातून उतरत दुसरीवर गेलं. दुसरीवरून तिसरीवर. दर पायरीला त्याचा जोर उतरत होता. स्वयंपाकघराचा कोपरा कोरडा. मी श्वास सोडला. एवढ्यात खालून खाला ओरडली, "खालची बघ! खालची! पायाखालून खातंय!"

सगळ्यात खालची कमान आम्ही जरा उंच बांधली होती. तिच्या सांडव्यावरून पाणी धारेने खाली पडत होतं आणि जिथे पडत होतं तिथे मुरमाला खड्डा पडला होता. खड्डा मागे सरकत सरकत धोंड्यांच्या पायाशी पोचला होता. बघता बघता मधला धोंडा डुगडुगला. तो गेला असता तर कमान गेली असती, कमानीमागचा गाळ गेला असता आणि ते सगळं खालाच्या दारात.

कुंपणाशी एक धोंडा पडून होता. आकाराने फार मोठा आणि चपटा, म्हणून कुठल्याच कमानीत न बसलेला. मी पहार घेतली. खाला चिखलातून वर आली, लुगड्याचा काष्टा मारल्यासारखी साडी वर खोचून. मी टेकण लावून उचललं, तिने खांदा दिला. हलेना. सासऱ्यांनी काठी टाकली, छत्री टाकली आणि येऊन पहारीच्या टोकावर अंगाचा सगळा भार टाकला. भार तो काय, पण तेवढाच कमी पडत होता. धोंडा कुशीवर वळला, पुन्हा वळला, घसरला आणि धप्पदिशी त्या खड्ड्यात पालथा पडला. आम्ही तिघेही चिखलाने न्हालो.

पाण्याची धार आता दगडावर पडत होती. पडत होती आणि फुटून पसरत होती. सासरे घमेल्यात चिपा भरभरून आणत होते आणि आम्ही दोघी त्या कडेच्या फटींत कोंबत होतो. पाऊस ओसरायला दुपार झाली. कमान उभी होती.

संध्याकाळी यजमान आले तेव्हा त्यांचे वडील खालाच्या ओसरीवर चाचाची लुंगी नेसून, घोंगडी पांघरून, हातात पेला घेऊन बसले होते. आणि चाचाला, जो अख्खा दिवस तिथे नव्हता, कोणता कोन कसा चुकला ते समजावून सांगत होते. यजमान तसेच वर गेले. कंदील घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी वाकले. हात घालायचा प्रयत्न केला, बोटंही आत जाईनात.

दुसऱ्या दिवशी कामावरून परत आल्यावर टोपी खुंटीला लावता लावता ते मला म्हणाले, "त्या खोलीवाल्याला नको म्हणून सांगून आलो." मी "बरं" म्हटलं आणि पोळी उलटली. ती करपली होती, पण त्यांनी ती तक्रार न करता खाल्ली.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही प्रत्येक कमानीच्या पायाशी चपटे धोंडे अंथरले. कमानींमागे गाळ साठून आपोआप वाफे झाले. सपाट, रुंद, आणि सासऱ्यांच्या शब्दांत सांगायचं तर एककेंद्री. एका वाफ्यात मी शेवंती लावली. लोक बघायला येऊ लागले. टेकडीवर घरं बांधणारे सगळेच ओघळींनी बेजार होते.

एकदा रेल्वेच्या रुळांपलीकडून एक गृहस्थ आले. त्यांची नवी विहीर गाळाने भरत होती. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथे बसून नाही सांगता येणार. आधी पाणी कुठून येतं ते दाखवा." चाचाने गाडी जुंपली. सासऱ्यांसाठी गाडीत गोधडी अंथरली, काठी, खुंटी, दोरी ठेवली. ते चढले आणि मी दारात उभी आहे असं पाहून म्हणाले, "सूनबाई, पहार घ्या. आणि खालाला हाक मारा. मला जमिनीतलं काय कळतं?"

खाला ओल्या हातानेच आली. गाडीच्या मागच्या दांडीवर आम्ही दोघी पाय सोडून बसलो. सासरे पुढे चाचाशेजारी बसून त्याला पायथागोरस समजावत होते. चाचा मधूनच बैलांना "हैक" म्हणे, तेव्हा सासरे थांबत, बैल चालू लागले की पुढे सांगत. कॅम्पाचा बाजार येईपर्यंत चाचा म्हणायला लागला होता की काटकोन बैलाला शिकवता आला असता तर गाडी वळवताना किती बरं झालं असतं.